सुपडूच्या नेटवर्कच्या चार वाटण्या

सुपडू, तुह्या मशीनायले हात लावू नको म्हणून तू मले किती दम दिला होता. लावला हात. एकीले नाही, साऱ्यायले लावला. आता ये अन् भांड.

तू भांडाले येणार नाही हे मले समजते. समजून बी डोक्यात शिरत नाही. सकाळी दुकानाचं शटर वर करतो अन् जिन्याकडं पाहतो, की आता हा वरतून बोंबलन, "अशक्या, कोन्या भैताडानं माही केबल ओढली बे?" कोणी बोंबलत नाही. मंग मी झेरॉक्सची मशीन चालू करतो, बंद करतो, पुन्हा चालू करतो. गिऱ्हाईक म्हणते, भौ, काय झालं? मी म्हणतो, गरम होऊन राह्यली. एका जागी बसवतच नाही मले. म्हणून हे लिहून राह्यलो. अन् आपल्याच बोलीत लिहून राह्यलो, कारण पुस्तकी मराठीत तुह्याशी बोललो असतो तं तू म्हणला असता, "हे कोनाचं भाषण हाये?"

दहाव्याले लोकायनं तुह्याबद्दल लय गोड गोड सांगतलं. एक जण म्हणला, मनमिळाऊ माणूस होता. मले तिथंच हासू आलं. तोंडाले गमछा लावला, तं लोकायले वाटलं रडून राह्यला. रडत बी होतो म्हणा. पण मनमिळाऊ? तू? शेजारच्या अडतवाल्या शेठसोबत तू अबोला धरून बसला होता, अन् माह्यासोबत भांडला नाही असा एक दिवस गेला नाही. भांडण बी तेच ते. सारं नेटवर्क एक ठेवायचं का त्याच्या वाटण्या करायच्या. मी म्हणो एक ठेव. तू म्हणे वाटण्या कर.

ते पहिल्यापासून सांगतो. तुले माहीत आहे, पण तू ते नेहमी तुह्या सोयीनं सांगायचा. आता माही पाळी.

चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आपले तीन गाळे. खालतं माहं झेरॉक्स अन् टायपिंग, त्याले लागून शेठची अडत, अन् वरतं तुहं कॉम्प्युटर सेंटर, एका खोलीत क्लास अन् एका खोलीत पोरायची परीक्षा. इंटरनेटले फोनची लाइन लागते, अन् लाइन होती फक्त शेठच्या नावावर, म्हणून तिघायनं मिळून तीच वापरायची ठरली. तू छतावरून केबल टाकल्या, मी खालतून धरल्या, अन् तिन्हीकडच्या मशीना एकमेकीले जोडल्या. जोडल्यावर दर मशीनले एक नंबर द्यावा लागते, घराले घरनंबर असते तसा. तू पाडव्याचा मुहूर्त धरला. शेठनं नारळ फोडलं, मशीनायले हळद-कुंकू लावलं अन् म्हणला, "आमाले नंबर शुभ पाह्यजे बरं सुपडू. वर एक असलेला." आहेर करताना आपण वर एक ठेवतो, तसा. अन् तू, जो पुढं मले शास्त्र शिकवत होता, तू त्या दिवशी पेढा खात खात शेठच्या मशीनायले नंबर वाटले: अकरा, एकावन्न, एकशे एक, एकशे एकावन्न, दोनशे एक. मले तं ते लय आवडलं होतं. पण ती करणी तुहीच होती, अन् तू ती मरेपर्यंत कबूल केली नाही.

मरेपर्यंत. पाह्य, कसा सहज लिहून गेलो.

तवा मजा होती. तू वरतं लावलेलं गाणं मी खालतं ऐको. शेठचा मुनीम माह्या मशीनवरचा पत्त्याचा डाव आपल्या टेबलावर बसून खेळे. कोणाची फाइल कोणाच्या मशीनवर आहे हे कोणी इचारत नव्हतं, जसं आपल्या गावाकडं कोणाची चटणी कोणाच्या घरी जाते हे कोणी इचारत नाही. मंग ती बायोडाट्याची गोष्ट झाली.

एक मास्तर आपल्या पोरीचा लग्नाचा बायोडाटा टाइप कराले माह्याकडं आले. मी टाइप केला, प्रिंट सोडली, अन् कागद माह्या प्रिंटरमधून निघायच्या ऐवजी शेठच्या अडतीत निघाला. तिथं सोयाबीनच्या हराजीत बोली लावाले दुनिया बसेल होती. मुनीमानं कागद उचलला अन् खड्या आवाजात वाचला. वय, उंची, रंग गोरा, रास, नाडी, शिक्षण, अपेक्षा. लोकं खो खो हासले. त्यातूनच एक जण उठला अन् म्हणला, "थांबा बाप्पा, हे स्थळ आमच्या भाच्यासाठी बरं हाये." अन् जमलं की बे ते! त्या लग्नात आपण दोघं मांडीले मांडी लावून जेवलो. मी तुले पंगतीत म्हणलं, "पाह्य, सारं एक असलं की असं चांगलं होते."

तू हातातला घास पत्रावळीवर ठेवला. "अशक्या, त्या पोरीचं वय अन् रंग भर बाजारात वाचला. तिले कोनी इचारलं?"

"चांगलंच झालं ना तिचं."

"झालं ते तिचं नशीब. तुह्या बहिनीचा कागद असता तं?"

"माह्या बहिनीचं लग्न कवाचंच झालं," मी म्हणलं. तू पाणी पिला अन् पंगतीतून उठून गेला. तुही जिलबी तशीच राह्यली, ती मी खाल्ली. त्या दिवसापासून तू वाटण्यायच्या मागं लागला.

सबनेट, म्हणजे नेटवर्कची एक वाटणी, हा शब्द मी तुह्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तू कुठून कुठून पुस्तकं आणली अन् मले धरून धरून समजावाले लागला. मले समजून घ्यायचं नव्हतं, तरी तू सोडे नाही. "एकच वावर हाये असं समज," तू म्हणला. "त्यात धुरे, म्हनजे बांध, टाकाचे. कोन्या मशीननं कोनाले आपल्या वावरातलं समजाचं, ते मास्क नावाचा एक आकडा ठरवते. आता एक मशीन बोंबलली की साऱ्या कान टवकारतात. धुरे टाकले की जो तो आपल्याच वावरात बोंबलन. दुसऱ्याकडं जाचं असीन तं मधल्या डब्यातून जा." मधला डबा म्हणजे तुहा तो जुना कॉम्प्युटर. त्यात तू चार कार्डं बसवणार होता, दर वाटणीले एक, अन् फोनची लाइन बी त्यालेच जोडणार होता.

"म्हंजे तू आमच्यात भिंत घालतो," मी म्हणलं.

"धुरा म्हनजे भिंत नाही बे. धुऱ्यावरून मानूस येते-जाते, ढोर येत नाही."

"मंग मी ढोर का?"

"ते तू ठरव."

असा तू मनमिळाऊ. खरं तं आपलं सारं भांडण दोन वाक्यायचं होतं. तू म्हणे, एकाच्या घरी आग लागली तं बाकीच्यायचं चालू राह्यलं पाह्यजे. मी म्हणो, एकाच्या घरी आग लागली तं बाकीच्यायनं धावलं पाह्यजे. यात आपले किती चहा थंडे झाले ते त्या टपरीवाल्यालेच माहीत. मी अजून बी माह्या वाक्यावर आहे. सांगून ठेवतो.

नंबरायच्या चार वाटण्या तू पक्क्या केल्या, शून्यापासून धरून दर वाटणीले चौसष्ट नंबर. पहिली शेठची, दुसरी तुह्या परीक्षेच्या खोलीची, तिसरी माही, चौथी तुह्या क्लासची. अन् मंग तुह्याच पेढ्यानं तुहा घात केला. शेठचे शुभ नंबर चारी वाटण्यायत पसरेल होते. अकरा अन् एकावन्न त्याच्या वाटणीत, एकशे एक परीक्षेच्या, एकशे एकावन्न माह्या, दोनशे एक क्लासच्या. मी इतका हासलो की खुर्चीवरून पडाचा राह्यलो. तू तणतणत शेठकडं गेला, अन् चार शेतकऱ्यायच्या समोर त्याले म्हणला, "शेठ, शुभ-अशुभ तुमच्या डोक्यात हाये, तारेत नाही." झालं. शेठनं तुह्याशी बोलणं टाकलं अन् तू त्याच्याशी. वाटण्या कागदावर राह्यल्या.

मंग परीक्षावाल्यायचा निरोप आला की परीक्षेच्या खोलीतल्या मशीना दुसऱ्या कोणाच्या दुकानाशी जोडेल नसल्या पाह्यजे, नाहीतर सेंटर बंद. आता तुले कोणी अडवणार नव्हतं. तू शेठले न इचारता कामाले लागला. डब्यात कार्डं बसवली, दर वाटणीच्या तारा जोडाले एक खोकं असे चार हब लावले, मशीनायचे नंबर बदलाले घेतले. भर दुपारची वेळ होती. अर्ध्या मशीना झाल्या होत्या. छातीत दुखते म्हणून तू खुर्चीवर बसला. बाकीचं मी लिहीत नाही.

तेरवी झाली अन् तुहा मोठा भाऊ धामणगाव बढ्याहून आलेला होता, तो तुह्या घरच्या ओट्यावर वहिनीले सरळच बोलला, "संगीता, मशीना इकून टाक अन् गावाकडं चाल. पोरीले तिथल्या शाळेत टाकू. बाईमानसाच्या हातानं हे चालनार हाये का?" वाईट मनानं नाही म्हणला तो. पण वहिनीचं तोंड मी पाह्यलं. तुह्या वहीपुस्तकायकडं पाहून राह्यली होती ती.

"येत्या रविवारी परीक्षा हाये," वहिनी म्हणली. "पोरं वर्षभर शिकले. ही एक परीक्षा होऊ द्या. झाली तं मी सेंटर चालवतो, नाही झाली तं तुमच्यासोबत येतो."

मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. "भाऊजी, होईन ना?"

मी म्हणलं, "हाव." काहीच येत नव्हतं मले, सुपडू. तोंडातून हाव निघून गेला. जिना चढून वरतं गेलो तं तुह्या टेबलावर स्क्रू तसेच पडेल, डब्याचं झाकण उघडं, अन् तारेच्या टोकायले तू चिकटपट्टी लावून ठेवेल. चपला बी तिथंच होत्या तुह्या. कोणी उचलल्या नव्हत्या. मी त्या उचलल्या अन् पुन्हा तिथंच ठेवल्या.

तुह्या अर्धवट कामानं खालतं बी गोंधळ झाला होता. शेठची एकशे एक नंबरची मशीन, जिच्यावर बाजारभाव येते, ती त्या दुपारपासून मुकी झाली होती. बसेल अडतीत अन् नंबर परीक्षेच्या वाटणीतला, मंग तिले ऐकीन कोण? शेठ माह्या दुकानात आला अन् म्हणला, "अशोक, मेलेल्याबद्दल मी काही बोलत नाही. पन ऐन हंगामात माहा भाव बंद हाये. शनवारपर्यंत एकशे एक चालू कर, नाहीतर मी लाइन काढून घेतो." पेपर इंटरनेटवरूनच येणार, म्हणून लाइन गेली की परीक्षा गेली, अन् परीक्षा गेली की वहिनी अन् पोरगी धामणगावले.

आता ऐक. मले एक सोपा रस्ता दिसत होता. सारे हब पहिल्यासारखे एकमेकाले जोडायचे, जुना मास्क टाकायचा, जुने नंबर. संध्याकाळपर्यंत सारं चालू. शेठ खुश, मी खुश. मी इतके दिवस म्हणत होतो तेच. फक्त परीक्षावाले आले असते अन् पाह्यलं असतं की अडतीतला मुनीम परीक्षेच्या मशीनवर पत्ते खेळू शकते. माहं खरं करायचं तं वहिनीचं सेंटर जाते, अन् सेंटर वाचवायचं तं तुहं खरं करावं लागते. मले इतकी चीड आली की मी तुह्या डब्याले एक लात घातली. लागलं माह्याच अंगठ्याले.

मंग बसलो. हातात तुहा स्क्रूड्रायव्हर होता, ज्याची मूठ तू दातानं चावून चावून खराब केली होती. मले उगाच ते जालन्याहून मॉनिटर आणलेलं आठवलं. एस.टी.त जागा नाही, मॉनिटर तुह्या मांडीवर, अन् कंडक्टर म्हणला याचं बी अर्धं तिकीट लागीन. तू त्या मॉनिटरच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणला, "लेकरू हाये माहं, शाळेत बी जात नाही अजून." सारी गाडी हासली, कंडक्टर बी. माह्या दुकानाची पहिली मशीन होती ती. मले कॉम्प्युटर घ्यायची हिंमत नव्हती, तू जबरदस्तीनं घ्याले लावला, अन् महिनाभर रोज येऊन मले टायपिंग शिकवलं. त्याच मशीनवर माही रोजीरोटी चालते. हे मी तुले कधी म्हणलो नाही. आपल्यात असं म्हणाची पद्धत नव्हती, अन् म्हणलो असतो तं तू म्हणला असता, पिऊन आला का बे?

दुसऱ्या दिवशी वहिनी सेंटरवर आली. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. जिन्याखालच्या बाया कुजबुजल्या की पाह्य वं, तेरवी होत नाही तं निघाली. तिनं ऐकलं, मी बी ऐकलं. ती वरतं आली अन् म्हणली, "मले काय कराचं ते सांगा."

मी मोठ्या ऐटीत परीक्षेच्या खोलीतल्या पहिल्या मशीनवर बसलो. तुही वाटणी चौसष्टपासून सुरू होते हे मले माहीत होतं, म्हणून मी चौसष्ट नंबर टाकला. मशीननं इंग्रजीत काहीतरी बोंब मारली. पुन्हा टाकला, पुन्हा बोंब. मी म्हणलं, "मशीनच खराब हाये."

वहिनी मागं उभी होती. हळूच म्हणली, "चौसष्ट देता येत नाही भाऊजी. तो गाईचा हाये."

"काय?"

"ते जेवताना सांगत. भाकर घेत अन् तिचे चार चतकोर करत. म्हनत, हे आपल्या नेटवर्कच्या चार वाटन्या. अन् मंग म्हनत, दर चतकोराचा पहिला घास गाईचा, अन् शेवटचा कुत्र्याचा. ते दोन कोनाले द्याचे नाही. पहिला नंबर म्हनजे त्या वाटनीचं नाव, अन् शेवटचा साऱ्यायले एकदम हाक माराले. मधले आपले." ती थांबली. "मी म्हनो, भाकर थंडी होऊन राह्यली, खा आता."

तू मले धुरे सांगत होता अन् घरी भाकर सांगत होता. तिनं ते मनावर घेतलं, अन् मी तुह्याशी भांडत बसलो. पासष्ट नंबर तू डब्याले देऊन ठेवेल होता, म्हणून आम्ही सहासष्टपासून धरलं. मी नंबर टाके, ती मागून मास्क पाहे. दोन मशीनायवर मी मास्क बदलायचा इसरलो होतो. त्या हाक मारत होत्या अन् उत्तर येत नव्हतं, कारण त्यायले अजून सारं वावर एकच वाटत होतं. ते बी तिनंच धरलं. मधूनच ती खिडकीकडं तोंड करून उभी राहे. मी पाहत नव्हतो असं दाखवो. मंग ती म्हणे, "पुढची घ्या," अन् आम्ही पुढची घेवो.

राह्यला शेठ. त्याच्या अडतीत गेलो, तं गादीवर बसेल होता, पुढं सोयाबीनचे नमुने. मी म्हणलं, "शेठ, तुमचे सारे नंबर एका वाटनीत आनावे लागीन. अकरा अन् एकावन्न राहतात. बाकीच्यायले एकवीस, एकतीस अन् एकेचाळीस देतो. वर एक हायेच ना!"

"एकशे एकवरून एकतीसवर?" शेठ म्हणला. "आहेरात असं कोनी केलं तं लोकं ताटावरून उठतात."

"शेठ, वरच्या लेकरायची परीक्षा हाये."

"अन् माहा हंगाम हाये. त्यायनं आपला नंबर बदलावा."

"कुठं बदलतात? चारी वाटन्यायत तुमचाच कोनता ना कोनता नंबर बसेल हाये!" माहा आवाज चढला. मुनीम मधी पडला. मी काय काय बोललो असतो सांगता येत नाही, पण तेवढ्यात वहिनी दारात येऊन उभी राह्यली. शेठनं गादीवरचे पाय आखडून घेतले.

"शेठ, लाइन तोडाची तं सोमवारी तोडा," वहिनी म्हणली. "रविवार जाऊ द्या."

शेठनं पुढचे नमुने बाजूले सारले. मंग म्हणला, "बाई, तो माह्या दुकानात येऊन मले मूर्खात काढून गेला. चार लोकायसमोर. मी त्याच्या नंबरायले नारळ फोडलं होतं. एकदा जरी म्हनला असता, शेठ, बदलू का? तं मी त्याच दिवशी हाव म्हनलो असतो."

"घरी बी असेच बोलत," वहिनी म्हणली.

शेठले हासू आलं. हासता हासता त्यानं चष्मा काढला अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. वहिनी बी रडली, अन् तिथल्या तिथं म्हणली, "शेठ, बदलू का?"

"बदला. पन पहिलं नारळ फोडू द्या."

इतकंच होतं बे! एक 'बदलू का'. तुह्या जिभेले काय झालं होतं? इतकी पुस्तकं वाचली, चार वाटण्यायचा हिशेब तोंडपाठ, अन् शेजारच्या माणसाले दोन शब्द गोड बोलता आले नाही. अन् मी, जो साऱ्यायले एक ठेवा म्हणून बोंबलत होतो, मी तुम्हा दोघायले एका चहावर बसवलं नाही. जाऊ दे. शेठनं नारळ फोडलं, एकतीस नंबरच्या मशीनले कुंकू लावलं, भाव आला, अन् खोबरं तीनही गाळ्यायत वाटलं. परीक्षेच्या मशीनायले बी लावा म्हणला, तवा वहिनीनं स्वतः कुंकवाची वाटी त्याच्या हातात धरून दिली.

शनवारी परीक्षावाल्या बाई आल्या. परीक्षेच्या मशीनवर बसून त्यायनं माहं दुकान शोधलं, अडत शोधली. दिसलं नाही. त्यायनं इचारलं, "हे कुणी केलं?" वहिनीनं तुहं नाव सांगतलं. त्या म्हणल्या, "चांगलं केलंय. कुठं आहेत ते?" मी पाणी आणाले खालतं निघून गेलो.

अन् रविवार. पोरं वरतं परीक्षेले बसले, अन् मी दुकानात उभाच. बसवे नाही. तेवढ्यात अडतीतून बोंब आली, "अशोक, सारं बंद पडलं!" पळत गेलो. शेठच्या हबचे सारेच्या सारे दिवे येड्यासारखे लुकलुकून राह्यले. मुनीमाले वायरीचं एक मोकळं टोक लोंबताना दिसलं, अन् हबमध्ये एक मोकळं भोक दिसलं. माणूस टापटिपीचा. त्यानं टोक भोकात खुपसून दिलं. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच हबमध्ये होतं. मंग काय, आपलीच बोंब आपल्याच कानात गोल गोल फिरून राह्यली अन् शेठच्या साऱ्या मशीना बसल्या.

जुनं नेटवर्क असतं तं तीनही गाळे बसले असते, हे मले पक्कं माहीत होतं. वायर काढायचं सोडून मी पहिलं जिन्याकडं पळालो. पायऱ्या कशा चढलो मले आठवत नाही. एकच डोक्यात होतं की आता पोरं बाहेर उभे असतीन, वहिनी रडून राह्यली असीन, अन् तुहा भाऊ मशीना मोजून राह्यला असीन. दार ढकललं.

काहीच झालं नव्हतं. पोरं माना खाली घालून टाइप करून राह्यले. वहिनी तुह्या खुर्चीवर बसेल. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् तोंडावर बोट ठेवलं, की आवाज करू नका. परीक्षावाल्या बाईनं तं वर बी पाह्यलं नाही. मी दार लावलं अन् जिन्यावर बसलो.

परीक्षा झाली. वहिनीनं तुह्या भावाले सांगून दिलं की मी येत नाही. तो बी मोठ्या मनाचा, डोक्यावरून हात फिरवून गेला. शेठची वायर मी काढली, पाच मिनिटात भाव चालू झाला. माही मशीन चालू आहे, क्लासले नवीन पोरं येऊन राह्यले.

म्हणजे तू जिंकला. पाह्यजे होतं तसंच केलं तू, की एक गेलं तरी बाकीच्यायचं थांबलं नाही पाह्यजे. मी त्या जिन्यावर बसून तुले शिव्या घालत होतो सुपडू, अन् आज बी घालून राह्यलो. तू गेला, अन् खालतं-वरतं सारं जसंच्या तसं चालू आहे. काहीतरी बंद पडाले पाह्यजे होतं बे.